एकशे ब्याऐंशी बाय त्रेपन्न

बाहेर उणे एकोणीस. गॅरेजात डिझेलचा हीटर
दमेकऱ्यासारखा धापा टाकत होता.
माझं काम एकच: टॉर्च धरायचा आणि हलवायचा नाही.
मी पंधराचा होतो. दोन्ही एकदम जमत नव्हतं.

समोर एकोणसाठची पॉन्टिअ‍ॅक, पिस्त्याच्या रंगाची,
दालार्नाच्या हिवाळ्यात अंगावर जुन्या रजया घेऊन
जूनची वाट बघणारी.
तिच्या डॅशबोर्डात रेडिओ नाही. रेडिओची जागाही नाही.
शहाऐंशी साली टोरवाल्डनं ती वेल्ड करून बुजवली,
घासली, लांबी भरली, वर रंगाचे अकरा हात.
"इंजिन बोलतं की," म्हणाला होता.
"आणखी कुणी बोलायला कशाला हवं?"

सिर्का तेव्हा शेजारीच बसलेली.
ती काही बोलली नाही. फिनलंडची माणसं
न बोलण्यात पटाईत, असं गाव म्हणायचं,
आणि गावाला तेवढंच कळायचं.

शाळेतलं सुतारकाम शिकवणं संपलं त्या वर्षी
तिनं स्वतःच्या पैशानं स्टिरिओ आणला.
"तुझ्या डॅशला हात लावत नाही.
कन्सोल करते. बर्चचा."
कडक भाकरीचा रिकामा खोका कापून
आधी पुठ्ठ्याचा साचा:
रुंदी एकशे ब्याऐंशी, उंची त्रेपन्न,
मागे वायरींच्या गुंत्याला चार बोटं जादा.

पिवळी कायम जिवंत, तिनं मला शिकवलं,
गाडी झोपली तरी ही जागी. आठवण हिच्याकडे.
लाल किल्लीबरोबर उठते, किल्लीबरोबर निजते.
काळी सगळ्यांना जमिनीवर आणते.
"आणि जी कुठे जाते ते कळत नाही,
तिच्या टोकाला टेप लाव. तोडू नको."

मग तिनं साचा सीटवर ठेवून पाहिला.
पुढची सीट लांबलचक, अखंड, बाकासारखी.
साचा मधोमध बसला. चपखल.
टोरवाल्ड दारात कॉफी घेऊन उभा होता,
ती निवेपर्यंत उभाच.

मधल्या जागेचं कापड बाकीच्यापेक्षा
जास्त विरलेलं. मी विचारलं, इथे कोण बसायचं?
हीटर तेवढा खोकला.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
"खिडकीपाशी कधी सरकलीस?"
"काच वर-खाली करायला कुणीतरी हवं होतं,"
सिर्का म्हणाली, आणि पेन्सिलीला टोक करू लागली.

तो आत वाकला. उजेड नको म्हणाला.
अंगठा डॅशवरून फिरत गेला,
रंगाखाली, लांबीखाली, जिथे कुणाला काही दिसत नाही तिथे
थांबला. "इथून," म्हणाला. "इथपर्यंत."

टेप चिकटवली. गुण्या तिनंच लावला.
चार कोपऱ्यांत चार भोकं, मग करवतीचं पातं;
पिस्त्याची शिंक उडाली माझ्या बाहीवर,
खाली करडा थर, त्याखाली विटकरी,
मग नुसता पत्रा, अजून चकचकीत.
गाळा दीड मिलिमीटर मोठा पडला.
टोरवाल्डनं दोन शिव्या घातल्या, दोन्ही जुन्या.
सिर्कानं बर्चची बारीक चौकट घासून
फट झाकली, म्हणजे तिचं लाकूड वाया गेलं नाही.
पत्र्याची पिंजरी आत सरकवली, जिभा वाकवल्या,
मागून एक पट्टी बांधली, खड्ड्यांत मान डोलू नये म्हणून.

अँटेना नव्हती. दारातून एक तार बाहेर सोडली.
आधी खरखर. मग एक बाई
समुद्रावरच्या वाऱ्याची बातमी सांगू लागली,
बेटांची नावं, सेकंदाला किती मीटर,
कुठे बर्फ धरलंय, कुठे अजून पाणी हलतंय.
समुद्र आमच्यापासून दोनशे किलोमीटर.
दोघं शेवटपर्यंत ऐकत राहिले,
जणू घरचं कुणी होडी घेऊन गेलेलं.

ती खिडकीपाशीच होती. तो चाकापाशी.
मधे ड्रिल, भाकरीच्या खोक्याचा साचा,
आणि माझा टॉर्च,
बंद करायचा राहून गेलेला.